डोक्यासकट कोनफळ

माझा थोरला भाऊ काल्मेट तसा शहाणा माणूस होता, पण वर्षातून एकदा त्याला काय व्हायचं देव जाणे. एप्रिलमध्ये नवं कोनफळ निघालं की आमच्या नगुना बेटावर कुणी ते आधी तोंडात घालत नाही. पहिलं चर्चमध्ये जातं. रविवारी वेदीसमोर रास लागते, प्रार्थना होते, आणि मग कुठे सोमवारी घरोघरी कोनफळ किसून, नारळाच्या दुधात कालवून, तापल्या दगडांवर लापलाप भाजलं जातं. आता चर्चला न्यायचं कोनफळ कसं न्यायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. वरचं डोकं कापून घरी ठेवायचं, कारण पुढच्या वर्षीचा कोंब त्यातूनच फुटतो. खालचं धड देवाला. दादा मात्र आपलं सगळ्यात मोठं कोनफळ डोक्यासकट नेऊन ठेवायचा.

"अहो, निदान बी तरी घरी ठेवा," लेइसावीवहिनी दरवर्षी म्हणायची. "पाळकसाहेब काय तुमचं डोकं पेरायला बसलेत?"

मीही तिचीच री ओढायची. नणंद-भावजय एका बाजूला, असा प्रकार आमच्या घरात वर्षातून तेवढा एकदाच घडे. दादा नुसता हसायचा. "बाकीची डोकी आहेत की घरात. दोन तर माझ्यासमोरच उभी आहेत."

ती कोनफळं आजोबांपासून चालत आलेली होती. साल तांबूस, मान वाकडी, कापलं की आत गुलाबी. किनाऱ्यावरच्या आमच्या खालच्या गावात तशी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

मागल्याच्या मागल्या डिसेंबरात दादाच्या छातीत कफ झाला आणि नाताळच्या आठ दिवस आधी तो गेला. त्याने लावलेले वेल तेव्हा मांडवावर हिरवेगार होते. मार्चमध्ये चक्रीवादळ आलं. समुद्र किनाऱ्यालगतच्या शेतांत शिरला तो दोन दिवस हललाच नाही. वहिनीने खणलं तेव्हा हाताला लगदा लागला. घरात उरलेलं बीही पाण्याने नेलं. हातभर लांबीचं एकच कोनफळ शाबूत निघालं, पण मदतीची बोट अजून आली नव्हती आणि माझी भाची लेइनासेई तापाने फणफणली होती. वहिनीने ते उकडून लेकीला भरवलं, डोक्यासकट. मी तिथेच बसले होते. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी मीच पोरीला मांडीवर धरलं.

त्यानंतर वहिनीने चर्चला येणं सोडलं.

"चल ना गं," मी एकदा म्हटलं.

"तू जा. तुझा दादा दरवर्षी देवाला सगळ्यात मोठं द्यायचा. देवाने काय केलं? माणूस नेला, बीसुद्धा ठेवलं नाही. आता माझं त्याच्याकडे काय काम?"

मी एकटीच चर्चला गेले.

ऑगस्टच्या शेवटी, आमच्याकडची थंडी सरताना, पांगारे फुलले. पांगारा लाल झाला की आमच्याकडे कोनफळ लावायचं, आणि फुलं झडायच्या आत लावून संपवायचं. सरकारी बोटीने दुसऱ्या बेटावरचं बी आणलं. सगळं गाव रांगेत उभं राहिलं, वहिनी सोडून.

"परक्याचं बी मी त्याच्या शेतात लावणार नाही," ती म्हणाली. "त्याची जात माझ्या हाताने संपली. पडू दे शेत ओसाड. पांगारा झडला की मी लेकीला घेऊन राजधानीला, व्हिलाला, बहिणीकडे जाते. तिथे हॉटेलात चादरी धुवीन."

आता हिला कसं अडवावं? मी भांडले, रुसले, तिच्या बहिणीची नालस्तीसुद्धा केली. काही उपयोग झाला नाही. रोज सकाळी उठून मी आधी पांगाऱ्याकडे बघायची.

फुलं निम्मी झडली असतील. तेव्हा आमच्या महिला मंडळाची प्रार्थना डोंगरावरच्या गावात होती, लेइमारा नावाच्या तरुण सुनेच्या घरी. वादळाचं पाणी काही तिथवर चढलं नव्हतं. प्रार्थना झाल्यावर भांडी ठेवायला मी तिच्या चुलीपाशी गेले, तर फळीवर कोनफळाची डोकी मांडलेली. त्यातलं एक वाकड्या मानेचं, तांबूस.

"हे कुठनं आणलंस गं?"

"पाळकीणबाईंनी दिलं. मी लग्न होऊन आले ना, तेव्हा माझ्याकडे बी नव्हतं. सहा वर्षं झाली."

"पाळकीणबाईंकडे कुठनं आलं?"

"राशीत म्हणे कुणीतरी वेडं एक डोक्यासकट ठेवतं. धड बाई चुलीवर चढवतात, आणि डोकं ज्याच्याकडे बी नाही त्याला देतात. माझ्या नणंदेला दिलंय, पलीकडच्या म्हाताऱ्याला दिलंय. अहो मावशी, खाली काय बसलात? पाणी आणू?"

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. इतकी वर्षं मी माझ्या भावाला खुळा म्हटलं होतं. ते वेडं कोण आणि त्याच्या घरचं बी कसं गेलं, हे मी रडतरडतच लेइमाराला सांगितलं.

उतरले ती थेट पाळकीणबाईंच्या दारात.

"एवढं सगळं ठाऊक असून तुम्ही गप्प?"

"काल्मेटनेच शपथ घातली होती," त्या म्हणाल्या. "म्हणाला, घरी कळलं तर दोघी मिळून मला फाडून खातील. वादळानंतर मी दोनदा गेले होते लेइसावीकडे. दोन्हीदा तिने मला बघून दार लावून घेतलं. तुमचं सगळंच बी गेलं, हे मला आज कळतंय."

"पण तो असं का करायचा?"

"मीही विचारलं होतं एकदा. म्हटलं, बाबा, डोकं तरी काप. तर मलाच विचारतो, 'देवाने आपला पुत्र दिला तो काय थोडा मागे ठेवून दिला?'"

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरची माणसं खाली आली. लेइमारा पुढे, मागे तिची नणंद, काठी टेकत तो म्हातारा, आणखी चारपाच जण. केवड्याच्या पानांच्या टोपल्या त्यांनी वहिनीच्या अंगणात ठेवल्या. वहिनी चादरीत भांडी बांधत होती.

"मामी, तुमचं बी परत आणलंय," लेइमारा म्हणाली.

वहिनीने एक डोकं उचललं. वाकड्या मानेवरून बोट फिरवलं, अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत गुलाबी. मग लेइमाराने सगळं सांगितलं, आणि पाळकीणबाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं.

वहिनी टोपल्यांतली डोकी एकेक करून बघत राहिली. मग एकदम कडाडली, "बघितलंस तुझ्या भावाचं? माझ्या नाकाखाली, इतकी वर्षं! एक अक्षर बोलला नाही मेला!" आणि ते डोकं छातीशी धरून ढसाढसा रडायला लागली. दादा गेल्यापासून ती रडलीच नव्हती.

रडं ओसरल्यावर तिने विचारलं, "पांगाऱ्याला फुलं आहेत का अजून?"

"आहेत. बोटावर मोजण्याइतकी."

"मग तोंड काय बघतेस? कुदळ आण."

खारी माती आम्ही बांधाला लोटली, म्हाताऱ्याने डोंगरावरची काळी माती पोत्याने आणवली. पाळकसाहेबांनी शेतात उभं राहून छोटी प्रार्थना केली. प्रलय ओसरल्यावर देवाने नोहाला शब्द दिला होता, पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी थांबणार नाही, त्याबद्दल त्यांनी आभार मानले. वहिनी 'आमेन' म्हणाली नाही.

"माझं भांडण मिटलेलं नाही हं," ती मला पुटपुटली.

"नसू दे. पण भांडायला तरी चर्चमध्ये ये. घरात बसून कुणाला ऐकू जाणार?"

पुढच्या रविवारी ती आली. मागच्या बाकावर बसली, गायली नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये वेल वाळले. नऊ आळ्यांपैकी दोन रिकामी निघाली. सगळ्यात मोठं कोनफळ लेइनासेईच्या मांडीएवढं होतं. शनिवारी पोरीने ते धुतलं, पुसलं आणि रीतीप्रमाणे सुरी घेऊन बसली.

"डोक्याला हात लावशील तर बघ!" वहिनी चुलीपासूनच ओरडली.

पोरगी दचकली. "अगं आई, पण बी?"

"बाकीची आहेत. हे जसं आहे तसं जाईल."

रविवारी ती ते खांद्यावर घेऊन चर्चमध्ये शिरली आणि राशीवर ठेवून पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी माझं घेऊन मागोमाग गेले. तिने मान वाकडी करून माझ्या हाताकडे पाहिलं. माझंही डोक्यासकटच होतं.