अकराची सुट्टी

शाळेला तीन दिवस सुट्टी होती. शेवटच्या दिवशी मास्तर यंत्राचा कागद काढायला तळघरात उतरले.

गेले दोन महिने तळ्याकाठची जमीन बारीक बारीक हादरत होती. धक्के टिपणारं यंत्र शास्त्रज्ञांनी शाळेच्या तळघरात बसवलं, का, तर "जागा शांत आहे"! मास्तर पोट धरून हसले होते. निवृत्त विज्ञानशिक्षक म्हणून नोंदींचं काम मात्र त्यांच्याच गळ्यात पडलं.

रोज अकराला मधली सुट्टी झाली की दोनशे पोरं जिन्यावरून धाडधाड उतरत आणि सुई वेड्यासारखी नाचे. त्या रेघांना मास्तर लाल पेन्सिलीने कंस करत, आत 'सुट्टी' लिहीत आणि मोजणीतून वगळत. उरत ते मोजकेच धक्के. तळ्याच्या पाण्याचं ओझं असेल, भेगांत मुरलेलं पाणी असेल, खोलवरची उष्णता असेल, असं शास्त्रज्ञ म्हणत. सुट्टी लागायच्या आधीच मोठ्या बाईंनी विचारलं होतं, "मास्तर, पोरांना वर्गात बसवू ना?"

"बेलाशक!" मास्तर म्हणाले होते.

आता त्यांनी कागद उलगडला. परवा अकराला सुई नाचली होती. काल अकराला, तशीच.

शाळा बंद. मग जिन्यावरून उतरलं कोण?

तेवढ्यात फळीवरचा खडूंचा डबा खडखडला आणि धाडकन खाली आला. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्यांनी लेकीला फोन लावला. तळ्यापलीकडच्या कारखान्यात ती पंप चालवायची. वापरलेलं पाणी खोल विहिरीत जोराने दाबायचा पंप.

"पंप किती वाजता सुरू करतेस गं?"

"साडेदहाला. का? गोळ्या घेतल्यात ना?"

"सुट्टीच्या दिवशीही?"

"कारखान्याला कसली सुट्टी, बाबा! पंप बसवून दोन महिने झाले, एक खाडा नाही."

मास्तरांनी लाल कंसांचे जुने कागद पुढे ओढले. "दोन महिने... पोरी, इथली जमीन रोज अकराला हादरते, सुट्टीतही. तळ्याला घड्याळ कळत नाही गं. अकरा वाजले हे त्याला रोज कोण सांगणार?"

"म्हणजे... मी?"

"खात्री नाही. तू दाबलेलं पाणी खालच्या भेगांत शिरत असेल. पण मी रोजचा पुरावा स्वतःच्या हाताने कंसात घातला. उद्या पोरं मैदानातच बसतील, बाईंना सांगतो. आणि तू पंपाला सुट्टी दे. मग बघू, सुई काय म्हणते."

"साहेब मला कच्चं खातील."

"माझं नाव सांग."

"उद्या कशाला? आत्ताच बंद करते." तिचा आवाज एकदम चढला. "पण आधी तुम्ही त्या तळघरातून बाहेर या, बाबा!"