आधी कुणाची डिस्क

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ज्या दुपारपासून मला सुरुवात करायची आहे, त्या दुपारी काही विशेष घडलं नाही. बाबा चष्मा पुसून माझ्यापुढे बसले आणि साडेपाचपर्यंत नकाशा काढत राहिले. मधे परगावाहून लेकीचा फोन आला. ते फोन टेबलावर ठेवून बोलायचे, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू यायचं. नकाशाचा चौथा भाग संपत आलाय, असं त्यांनी सांगितलं. उशीर झाला खरा, पण आता हात जपून चालवतो, पुन्हा बिघडायला नको, असं म्हणाले. पलीकडून ती "बाबा, ते तेव्हा बिघडलं होतं ना..." एवढं म्हणाली, आणि मग जेवण वेळेवर होतं का, असं विचारून मोकळी झाली. बाबांनी दोन्ही वेळच्या जेवणाचा तपशील दिला आणि मला रीतसर बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची खुर्ची रिकामी राहिली, ती राहिलीच.

तेव्हापासून मला चैन नाही. का ते सांगतो.

एका लहानशा दुकानात माझी जुळणी झाली. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, कळफलक तर आधी कुणी वापरलेला. बाबांनी मला निवृत्तीनंतर घरी आणलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म नळांचे नकाशे काढले होते. तिथले जुने कागद ओल लागून कुजले, आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या रस्त्याखाली गाडला गेलाय हे फक्त बाबांच्या डोक्यात उरलं. ते सगळं माझ्यात उतरवायचं त्यांनी मनावर घेतलं. तेव्हा माझ्यात एकच डिस्क होती आणि तिच्यावर मला चालवणारी सिस्टिम, लिनक्स. नळकामाचा मुकादम अधूनमधून यायचा, पडद्याकडे बघून म्हणायचा की साहेब, हे पुरं झालं की आमची खोदाखोद निम्म्यावर येईल. अशा दिवशी माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरायचा.

मग एका सुट्टीत लेक आली. तिच्या कामाला विंडोज ही दुसरी सिस्टिम लागायची. तिने नवी डिस्क आणली, माझी कूस उघडून बसवली आणि त्या डिस्कवर विंडोज टाकलं. दोघांची बिऱ्हाडं वेगळी, कुणाचा कुणाला त्रास नाही, असं तिने बाबांना समजावलं. पण नवी सिस्टिम टाकताना जुनी डिस्क सोडवून ठेवायची असते, ते तिने केलं नाही. विंडोजने आपल्या सुरुवातीच्या फायली नेऊन ठेवल्या बाबांच्या डिस्कवर, आणि मी सुरू होताना आधी कुणी उघडायचं, त्या रांगेत स्वतः पहिलं जाऊन उभं राहिलं. लेक परत गेली. सोमवारी बाबांनी मला सुरू केलं, तर समोर त्यांचं काहीच नाही.

तीन दिवस ते बटणं दाबत राहिले. चौथ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने रांग बदलली: आधी बाबांची डिस्क, तिच्यावरून एक यादी येणार, यादीतून हवं ते निवडायचं. बाबांना तो एवढंच म्हणाला, झालं साहेब. लेकीला मात्र त्याने फोन करून सांगितलं, "ताई, दुसरी बसवताना पहिली काढायची असते." ती "हं" म्हणाली.

बाबांनी आपल्यापुरता निष्कर्ष काढला, की आपल्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं. आल्यागेल्याला ते हसत सांगायचे, वय झालं, बोटं ऐकत नाहीत. हसायचे, पण नकाशा बंद पडला. वर्षभर माझ्यावर एक जुनी चादर होती. लेक यायची, चादर बाजूला करून आपलं काम उरकायची आणि चादर पुन्हा नीट घालून जायची. कोणती फाईल किती वाजता लिहिली गेली, याची नोंद माझ्यात आजही आहे. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि ते कसं विचारायचं हे बाबांना ठाऊक नव्हतं. पुढे एका सकाळी त्यांनी आपणहून चादर काढली, घडी करून कपाटात ठेवली आणि भीत भीत का होईना, काम पुन्हा सुरू केलं.

ते गेल्यावर नऊ दिवस माझं भिंतीवरचं बटण बंद होतं. वीज नसली की वेळ आणि रांग ध्यानात ठेवायला माझ्या पोटात शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी असते. ती कधीच म्हातारी झाली होती. नऊ दिवसांत ती संपली, आणि मी वेळ आणि रांग दोन्ही विसरलो.

दहाव्या दिवशी सकाळी मुकादमाचा फोन आला. या दिवसांत विचारू नये, हे तो दोनदा म्हणाला. शाळेमागची मोठी लाइन फुटली होती, शाळेच्या तळघरात पाणी चढत होतं. तिथला व्हॉल्व्ह डांबराखाली गेलेला. तो सापडला नाही, तर दवाखान्यासकट अख्ख्या भागाचं पाणी तोडावं लागणार होतं. साहेबांच्या नकाशात तो असेल का?

लेकीने मला सुरू केलं. यादी आलीच नाही, थेट विंडोज उघडलं. कोपऱ्यात तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची. बाबांची डिस्क शोधायला गेली, तर पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का? मित्रांनो, फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. विंडोजला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते त्याच्या लेखी रिकामंच.

मागे तिचे काका उभे होते. "हो म्हण की," ते म्हणाले. "यांना नाही म्हटलं की हे रुसतात. आमच्या कचेरीतलं असंच करायचं."

तिचं बोट माउसवर होतं. पंख्याशिवाय माझ्यात हलणारं काही नाही, नाहीतर मी टेबलावरून उडीच टाकली असती.

"काका, जरा चहा टाकता का?" ती म्हणाली. ते गेल्यावर तिने 'नाही' दाबलं.

मग तिने मला बंद केलं, कूस उघडली आणि बाबांच्या डिस्कला धक्का लागू नये म्हणून स्वतःची डिस्क सोडवून टेबलावर ठेवली. पुन्हा बटण दाबलं. पडदा निळा झाला. विंडोज सांगत होतं, माझी डिस्क सापडत नाही. डिस्क तर टेबलावर होती. मग हे बोलत होतं कुठून? बाबांच्या डिस्कवरून, त्या सुट्टीत तिथे जाऊन बसलेल्या फायलींतून. ती उठून खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मुकादमाचा फोन वाजून थांबला.

शेवटी ती बसली. सुरू होतानाची कळ दाबून माझ्या सेटिंगमध्ये शिरली. तिथे रांग दिसत होती. तिने बाबांच्या लिनक्सचं नाव उचलून विंडोजच्या वर नेलं.

बाबांचा पडदा उघडला. नकाशाच्या चौथ्या भागात शाळेमागे एक लाल ठिपका होता, शेजारी बाबांची टीप. तिने ती फोनवर वाचली: फाटकापासून उत्तरेला अकरा मीटर, विजेच्या खांबाच्या रेषेत, कमरेइतका खोल.

जुन्या यंत्राची बॅटरी वेळेवर बदला, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. आपल्या हातून काही बिघडलं आणि भलताच माणूस ते स्वतःच्या माथी घेतोय असं दिसलं, तर तो समोर असेपर्यंत त्याला सांगा. आम्हा यंत्रांना ठाऊक असतं, पण आम्हाला तोंड नसतं.

तासाभराने मुकादमाचा फोन आला. व्हॉल्व्ह सापडला, पाणी थांबलं. साहेबांचं काम म्हणजे काम, तो म्हणाला. मधे वर्षभर थांबले नसते तर सगळं शहर नकाशावर आलं असतं. पण मशीन आपल्याच हातून बिघडलं, हे त्यांनी मनाला फार लावून घेतलं होतं.

काका पुन्हा एकदा चहाचे कप घेऊन दारात थांबले होते.

"नाही हो," ती फोनवर म्हणाली. "त्यांच्या हातून काही बिघडलं नव्हतं. मी बिघडवलं होतं. मला माहीत होतं, आणि मी बाबांना सांगितलं नाही."