अव्वाचा फोटो

राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओत कॅमेरा यशराजच्या हातात आणि माउस माझ्या. यशराज म्हणजे माझा नवरा. तो लग्नं टिपतो आणि मी ती नासवते, असं तो म्हणायचा, आणि दोन हजार चार सालचे आमचे अल्बम बघितलेत तर तुम्हीही त्याचीच बाजू घ्याल. नवरीला गुलाबात बसवलंय, नवऱ्याला चंद्रावर टेकवलंय, दोघांच्या मागं ज्वाळा. हे सगळं प्लगइनच्या जोरावर. प्लगइन म्हणजे काय ते मी गिऱ्हाइकांना माझ्या माहेरच्या, बिद्रीच्या हिशेबात सांगायचे. फोटोचं मूळ सॉफ्टवेअर हा ट्रॅक्टर, तो एका कंपनीचा. त्याच्या मागं दुसऱ्या कंपनीचा नांगर जोडा, नाहीतर तिसरीची ट्रॉली. माझ्याकडं असे बावीस नांगर होते. त्यातला सगळ्यात लाडका चेहरा गुळगुळीत करणारा. बटण दाबलं की मुरूम, डाग, सुरकुत्या गायब. निम्म्या राजारामपुरीची स्थळं मी त्या बटणावर जमवली आहेत आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

त्या वर्षी दिवाळीआधी गौराबाई आल्या. मूळच्या कुरुंदवाडच्या, वय सहासष्ट, हल्ली लेकाकडं मागच्याच गल्लीत राहायच्या. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, मी मेल्यावर भितीला लावायचा फोटो काढायचा हाय. न्हायतर पोरं मतदानाच्या कार्डावरचा लावत्याल. त्यात मी चोर दिसतोय."

मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि यशराजनं नेमका तेव्हाच फोटो काढला.

फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि सवयीनं बटण दाबलं. गिऱ्हाइकाला विचारायची आमच्यात पद्धतच नव्हती. स्क्रीनवरची पट्टी भरत गेली आणि गौराबाईंच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या. भस्माचे पट्टेही गेले, कारण त्या नांगराला भस्म काय आणि डाग काय, सगळं सारखंच. मी जीभ चावली. आता ही म्हातारी माझी सालटी काढणार, असं वाटलं.

पण गौराबाई पुढं वाकून बघतच राहिल्या. "अव्वा," त्या म्हणाल्या. "अगं, ही माझी अव्वा हाय."

सीमेकडच्या घरांतून आईला अव्वा म्हणतात. गौराबाईंची अव्वा क्षयानं गेली तेव्हा ती तिशीचीही नव्हती आणि या पाच वर्षांच्या होत्या. अव्वाचा एकही फोटो कुणी कधी काढला नव्हता.

"माझं मरण ऱ्हाऊदे बाजूला," त्या म्हणाल्या. "हिचाच फोटो कर. केस काळं कर. कुंकू लाव, चांगलं मोठं. पदर डोस्क्यावरनं घे."

पंधरा मिनिटांवर गिऱ्हाईक बसलं तर मी घड्याळाकडं बघायला लागते. पण या बाईबरोबर मी तीन दुपारी बसले. त्या सांगायच्या, मी करायचे. भुवया जाड केल्या, हनुवटी जरा आत घेतली, पुसले गेलेले भस्माचे पट्टेही परत रेखले. खरं सांगायचं तर मला त्या फार आवडायला लागल्या होत्या.

तिसऱ्या दुपारी त्यांनी मनातलं सांगितलं. "हे आण्णाला दावायचं हाय. माझा थोरला भाऊ, सहा वर्सांनी मोठा. मी अव्वाचं काय बी सांगाय लागलो की म्हंतोय, गप, तू पाच वर्साची हुतीस, तुला काय ठावं! साठ वर्सं ऐकतोय मी ह्ये. आता मलाच कळंना झालंय पोरी, मला अव्वा आठवतीया का मी नुस्ती मनानं रचलीया. आण्णानं वळीखली म्हंजी ती माझी बी अव्वा."

मग मात्र त्या फोटोची मला काळजी लागून राहिली.

गुरुवारी गुरुसिद्ध आण्णा कुरुंदवाडहून एसटीनं आले. धोतर, टोपी, आणि आवाज असा की शेजारच्या दवाखान्यातले पेशंट उठून बसावेत. खुर्ची ओढून त्यांनी स्क्रीनकडं बघितलं.

"कोण ही? शिनेमातली?"

गौराबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मला राग आला. "आण्णा, नीट बघा की जरा."

"नीटच बघतोय. अव्वाच्या तोंडावर देवीचं वण हुतं. गालभर. ह्यो तर लोण्याचा गोळा हाय."

"वण?" गौराबाई पुटपुटल्या. "मला आठवत न्हाईत."

"कशाला आठवत्याल? तू पाच वर्साची हुतीस."

मी बारीक ब्रश घेतला. डाग पुसणारे नांगर जगभरच्या कंपन्यांनी काढलेत, डाग घालणारा एकानंही काढलेला नाही. ते हातानंच करावं लागतं. मी एक वण काढला. आण्णा म्हणाले, जरा वर. मग ते उठून स्क्रीनवर बोटच ठेवायला लागले. एरवी काचेला बोट लावणाऱ्याला मी सोडत नाही.

"हितं येक. ह्येच्या खाली बारकं दोन. हितला खोल हुता."

"एवढं कसं लक्षात आहे तुमच्या?" मी विचारलं.

"तीन म्हैने तिच्या उशाला बसलो, पोरी. अकरा वर्साचा हुतो. दुसरं बघाय काय हुतं मला?"

तासभर गेला. शेवटी आण्णा मागं टेकले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "व्हय. अव्वाच की." जरा वेळानं म्हणाले, "पर हसतीया कशाला? अव्वा हसत न्हवती. तीन म्हैन्यांत येकदा बी हसली न्हाय. त्येवढं हसू काढ."

ओठ मिटवणं माझ्या हातचा मळ. मी माउस धरला, आणि गौराबाईंनी माझं मनगट धरलं.

"हसू ऱ्हाऊदे."

"गौरे, तुला काय ठावं—"

"मलाच ठावं हाय. तू आडावर पाण्याला गेलास की अव्वा मला आत बलवायची."

"आत कशी? रोग लागंल म्हणून वैद्यानं सांगितलं हुतं. मी भायेरनं कडी लावून जायचो."

"मागच्या खिडकीतनं." साठ वर्षांनी चोर पकडला जावा तशा त्या बोलत होत्या. "अंगाला शिवू द्यायची न्हाय. कोपऱ्यात हुबी ऱ्हा म्हणायची. मी तुझी नक्कल करायचो. दोन घागरी घिऊन तू कसा वाकडा चालतोस, त्ये. अव्वा हसायची. खोकला यीस्तवर हसायची. आण्णाला सांगू नगंस, त्यो मारंल तुला, म्हणून शपथ घातलीती. म्हणून न्हाय सांगितलं."

आता आण्णा कडाडणार म्हणून मी खुर्ची मागं सरकवली. पण त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि कितीतरी वेळ त्या हसऱ्या, वणांच्या तोंडाकडं बघत बसले.

"माझ्याम्होरं का न्हाय गं हसली?" त्यांनी विचारलं. बहात्तर वर्षांचा माणूस, पण विचारलं ते अकरा वर्षांच्या पोरानं.

गौराबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी इचारलंतं. म्हणाली, त्येच्याम्होरं हसाय गेलं की रडू येतंय. लेकरू माझं येवढं पाणी वडतंय."

माझे डोळे भरले होते आणि ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

"कसा चालायचो मी?" आण्णा म्हणाले. "दाव की."

गौराबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. दोन्ही मुठी आवळून त्यांनी न दिसणाऱ्या घागरी उचलल्या, एक खांदा पाडला, ओठ दाताखाली धरला आणि आमच्या एवढ्याशा स्टुडिओत, दिव्यांच्या वायरी चुकवत, वाकड्या वाकड्या चालत गेल्या. आण्णा हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले, "आणि येकदा चाल, गौरे."