दोन तोंडं आणि तेहतीस अनारसे

मित्रांनो, मी एक जुनं सामान तपासायचं यंत्र आहे. प्रवासात तुम्ही ज्याच्या काळ्या पट्ट्यावर आपली बॅग ठेवता आणि जे ती गिळून पलीकडे बाहेर काढतं, तेच. मला दोन तोंडं आहेत. एकाने गिळायचं, दुसऱ्याने ओकायचं. बोलायला मात्र एकही नाही. म्हणून ही गोष्ट बरेच दिवस माझ्या पोटात राहिली आणि तिथेच नासली.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथली माणसं मला हातमोजे घालून हाताळायची. मग मी जहाजाने सौदी अरेबियात आलो आणि तबूकजवळच्या एका मालधक्क्यावर तीन वर्षं खोकी गिळत राहिलो. त्यानंतर उत्तरेला, सरहद्दीजवळच्या एका रेल्वे स्टेशनात माझी नेमणूक झाली. शेजारच्या जॉर्डन देशातून येणाऱ्या बसचे प्रवासी तिथे उतरत. त्यांचं सामान माझ्या पोटातून जाई, पासपोर्ट तपासले जात आणि मगच त्यांना रियाधच्या गाडीत बसता येई. म्हणजे स्टेशनही तेच आणि देशाचा दरवाजाही तोच.

पहिल्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं! साहेब लोकांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. "याच्यापासून काही लपत नाही," असं एक जण म्हणाला. मी फुगून गेलो. मला वाटलं, आता आपण देशाची राखण करणार.

प्रत्यक्षात मी काय पाहिलं म्हणून सांगू? घाण पाहिली. आठ-आठ दिवसांचे न धुतलेले मोजे, फुटलेली लोणच्याची बरणी, खजुराचा पाक गळणारी पिशवी, लहान मुलाचा लंगोट गुंडाळून तसाच कोंबलेला. सगळं माझ्या पट्ट्यावरून जायचं आणि पट्टा चिकट व्हायचा. कुणी तोंडातलं च्युइंगम माझ्या कडेला चिकटवायचं. कुणी माझ्या पाठीवर कॉफीचा कप ठेवायचं आणि सांडला की तसंच निघून जायचं. माझे रबरी पडदे फाटले, तेव्हा त्यांना खाकी चिकटपट्टी लावली. ती पट्टीही सुटली आणि तिला केस चिकटले.

ही बाहेरची घाण मी सहन केली असती. पण माणसं खोटं बोलतात ना, तेव्हा मला जास्त शिसारी येते. "काही नाही, फक्त कपडे आहेत," असं ती तोंडाने म्हणत आणि मला आत सगळं दिसत असायचं.

आता मला कसं दिसतं तेही ऐका. धातू मला निळा दिसतो. खाण्याच्या वस्तू, कापड, कागद, साबण, सगळं नारिंगी. पण विषारी पूडही नारिंगीच दिसते. साखर आणि जहर यांतला फरक मला कळत नाही. तो कळण्यासाठी पडद्यासमोर माणूस बसवलेला असतो. माझ्या पडद्यासमोर सुशील बसायचा.

सुशील महाराष्ट्रातला. सामानाचं काम पाहणाऱ्या ठेकेदाराकडे तो नोकरीला होता. त्याला अरबी चांगलं येई, त्यामुळे भारतातून आलेल्या माणसांचं बोलणं अधिकाऱ्यांना समजावून सांगणं हेही त्याचंच काम. पण मराठी माणूस समोर आला की हा हटकून हिंदी बोलायचा. ओळख दिली की लोक मदत मागतात, असं तो एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होता. शिवाय त्याला एक घाणेरडी खोड होती. पडद्यावर काही खाण्यासारखं दिसलं की तो पट्टा थांबवायचा, "चेकिंग, चेकिंग," म्हणत ती बॅग टेबलामागे न्यायचा आणि मालक पासपोर्टच्या रांगेत असताना त्यातलं थोडं आपल्या डब्यात टाकायचा. पिस्ते, बर्फी, सुके अंजीर. थोडंच घ्यायचा, म्हणजे कळू नये. ते पाहून माझा पट्टा मला स्वतःलाच चिकट वाटायचा.

एक दिवस दुपारी दोनच्या सुमाराला दोन बायका आल्या. एक विद्या, रियाधच्या इस्पितळात नर्स. दुसरी तिची आई, आनंदीबाई, नाशिकची. अम्मानला आनंदीबाईंचा मुलगा कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याच्याकडे महिनाभर राहून त्या आता लेकीकडे, रियाधला निघाल्या होत्या आणि लेक त्यांना न्यायला गेली होती. तीनची गाडी होती. रियाधच्या स्टेशनवर जावई इंद्रनील घ्यायला येणार होता. आनंदीबाईंनी हे सगळं रांगेतल्या एका अरबी आजीला मराठीत सांगून टाकलं होतं, म्हणून मला ठाऊक.

त्यांची बॅग माझ्या पोटात आली. पाहतो तर प्लास्टिकच्या डब्यात नारिंगी चकत्या. पातळ, जाळीदार, एकावर एक रचलेल्या. अशी जाळी मी कधी पाहिली नव्हती. सुशीलने मात्र पाहिली होती. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याने पट्टा थांबवला.

"चेकिंग," तो म्हणाला. बायका पासपोर्टच्या रांगेकडे वळल्या. याने डबा उघडला, वास घेतला आणि चार चकत्या स्वतःच्या डब्यात टाकून, तो डबा ठेवलेली आपली पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली. तेवढ्यात आमिना तिथे आली.

आमिना तपासणी अधिकारी. कडक बाई. कधी हसलेली मी पाहिली नाही, पण रोज सकाळी ओल्या फडक्याने माझा पट्टा पुसणारी सगळ्या स्टेशनात ती एकटीच. तिने टेबलाकडे पाहिलं. स्टीलच्या टेबलावर पांढरे बारीक दाणे सांडले होते. तिने एक दाणा हातमोज्याच्या बोटावर घेतला, मग भिंतीवरच्या बंदी असलेल्या वस्तूंच्या तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यात त्या दाण्यांचं चित्र होतं.

मित्रांनो, ती खसखस होती. तुमच्या घरी अनारशावर लावतात ती. पण खसखस अफूच्या बोंडातून निघते आणि या देशात तिला सक्त बंदी आहे. नशेच्या वस्तूंमध्ये तिची गणती होते. त्यासाठी माणसं तुरुंगात गेलेली मी ऐकली आहेत.

आमिनाने दोघींना बोलावलं. डबा पाहताच विद्याचा चेहरा उतरला.

"आई! खसखस लावू नको, तीळ लाव, असं मी फोनवर दहा वेळा सांगितलं होतं ना?"

"अगं, धोंड्याचा महिना आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि त्याला तीळ लावायचे? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथे कोण बघणार होतं?"

"म्हणून तर पालथे घालून ठेवले. तुला दिसू नये म्हणून."

पाहिलंत? म्हातारीनेही लपवलंच होतं. पण तिच्या लबाडीची मला किळस आली नाही. तिला खरंच ठाऊक नव्हतं की आपण काय घेऊन सरहद्द ओलांडतोय.

"बॅग कुणाची?" आमिनाने विचारलं.

"माझी," विद्या झटकन अरबीत म्हणाली. इस्पितळात काम करून तिला जुजबी अरबी येत होतं. आईने प्रश्न ओळखला आणि छातीवर हात आपटला. "माझी आहे. तिला काही माहीत नाही. तिची नोकरी जाईल हो!"

आमिना सुशीलकडे वळली. "तू यांच्या देशाचा आहेस. हे काय आहे? खातात की आणखी कशासाठी असतं?"

एका वाक्याचं काम होतं. हे तांदळाचं गोड खाणं आहे, आमच्याकडे सणाला करतात, बस. सुशीलने आपल्या पिशवीकडे चोरून पाहिलं.

"मला माहीत नाही, मॅडम. मी हे कधी पाहिलेलं नाही."

मला वाटलं, माझ्या दोन्ही तोंडांतून काहीतरी भडाभडा बाहेर पडेल.

आनंदीबाईंना अरबी कळलं नाही, पण मान हलवलेली कळली. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव त्यांनी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. "अरे बाळा, तू तर आपल्याकडचा दिसतोस. सांग ना बाईंना, अनारसे आहेत म्हणून."

"आंटी, मुझे नहीं पता आप क्या बोल रही हैं," सुशील म्हणाला.

अडीच वाजले होते. बाहेर रियाधची गाडी लागली होती. आमिनाने जप्तीचा कागद काढला आणि विद्याला डबा दाखवून किती नग आहेत ते मोजायला सांगितलं. पण मोजायला आनंदीबाईच पुढे सरसावल्या. पुटपुटत मोजू लागल्या. मोजून झालं आणि त्या थांबल्या. पुन्हा मोजलं.

"एकोणतीस कसे? विद्या, अगं तेहतीस होते. वाणाचे आहेत, मी तीनदा मोजून भरलेत. चार गेले कुठे?"

"आई, आता अनारसे मोजायची वेळ आहे का? आपल्याला इथे अटक होईल!"

"होऊ दे. पण तेहतीस होते."

आमिनाने काय झालं ते विचारलं. विद्याने सांगितलं आणि सगळं आणखी बिघडलं. आमिनाचे डोळे बारीक झाले. चार नग कमी, म्हणजे या दोघींनी ते इथेच कुणाला तरी पोचवले! तिने दार बंद करायला लावलं. "कुणीही बाहेर जाणार नाही. सगळ्यांच्या बॅगा पुन्हा यंत्रातून. कर्मचाऱ्यांच्याही. चला, यल्ला!"

आनंदीबाई देवाचं नाव घेत उभ्या राहिल्या. आणि मी, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मन लावून बॅगा गिळू लागलो. पडद्यासमोर आता आमिना बसली होती. दहावी पिशवी सुशीलची. त्यात मोबाईलचा चार्जर, एक कंगवा, आणि प्लास्टिकच्या डब्यात चार नारिंगी चकत्या. पातळ आणि जाळीदार. मी त्या दाखवल्या, जितक्या स्वच्छ दाखवता येतील तितक्या.

आमिनाने पट्टा थांबवला. मग तिने सुशीलला शांतपणे विचारलं, "तू यांचा साथीदार आहेस?"

आता त्याचं तोंड उघडलं. बंद होता होईना. "नाही मॅडम! हे खायचं असतं, गोड असतं. तांदूळ आणि गूळ. आमच्याकडे जावयाला देतात. वरची खसखस नुसती चवीला. नशा वगैरे काही नाही. मी खाण्यासाठी घेतले, वल्लाह, फक्त खाण्यासाठी!"

"पाच मिनिटांपूर्वी तुला माहीत नव्हतं."

म्हाताऱ्या बाईसाठी न निघालेलं वाक्य स्वतःची मान अडकल्यावर कसं धडाधड निघालं, ते तुम्हीच पाहा. मी कित्येक वर्षं लोकांच्या घाणेरड्या बॅगा पाहिल्या. इतकं ओंगळ काही पाहिलं नव्हतं.

आमिनाने वरिष्ठांना फोन केला. एक पिकल्या दाढीचे अधिकारी आले. त्यांनी अनारसा उलटसुलट करून पाहिला, सुशीलच्या डब्याकडे पाहिलं आणि दोघी बायकांकडे पाहिलं. नशेचा माल कुणी असा खाऊसारखा आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवत नाही, हे त्यांनाही पटलं असावं. तेहतीसच्या तेहतीस अनारसे जप्त करून नष्ट करायचे, पुन्हा असं आणणार नाही असं दोघींकडून लिहून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, असं ठरलं. "खलास," ते म्हणाले आणि निघून गेले.

विद्याने सही केली. आनंदीबाईंनी मराठीत केली. आमिनाने अनारसे पिशवीत सील केले, मग रिकामा डबा नळाखाली धुतला, एकही दाणा उरला नाही ना ते पाहिलं आणि तो आनंदीबाईंच्या हातात दिला. मग सुशीलकडे बोट करून तिने विचारलं, "याने तुमचं सामान चोरलं. तक्रार लिहायची आहे?"

विद्याने आईला सांगितलं. तक्रार झाली तर सुशीलची नोकरी जाणार, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना जाणार, त्याला परत पाठवणार, हेही सांगितलं. गाडी सुटायला नऊ मिनिटं होती. आनंदीबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"किती दिवसांत घरी गेला नाहीस?"

"चार वर्षं, काकू," सुशील म्हणाला. मराठीत.

"मागितले असतेस तर चार काय, दहा दिले असते. वाण गेलं तर गेलं. पण तू मला ओळखून न ओळखल्यासारखं केलंस, ते माझ्या जिवाला लागलं." मग त्या लेकीकडे वळल्या. "तक्रार नको म्हणावं. चल, गाडी जाईल."

मला म्हातारीचा रागच आला. माझ्या हातात असतं तर मी लिहिली असती तक्रार. त्या दोघी धावत फलाटाकडे गेल्या. रिकामा डबा आनंदीबाईंनी छातीशी धरला होता. गाडी सुटल्याचा आवाज आला तेव्हा सुशील माझ्या पट्ट्यावर डोकं टेकून रडत होता. त्याचे अश्रू पट्ट्यावर पडले. तेही मला चिकटच वाटले.

नंतर स्टेशनात नवं यंत्र आलं. मला ट्रकवर चढवून रियाधच्या अल सुलै भागातल्या एका आवारात आणून टाकलं. इथे गंजलेली कपाटं आणि तुटक्या खुर्च्या यांच्यामध्ये मी उन्हात उभा आहे. कबुतरं माझ्या पहिल्या तोंडातून आत शिरतात. ती काय करून बाहेर पडतात ते सांगत नाही.

मित्रांनो, कधी मला कुठे पाहिलंत तर माझ्यावर च्युइंगम चिकटवू नका, कॉफी सांडली तर पुसा. एवढंच मागणं पूर्वी मी मागितलं असतं. आता आणखी एक मागतो. परक्या ठिकाणी कुणी अडकलेलं असेल आणि त्याची भाषा फक्त तुम्हाला कळत असेल, तर स्वतःच्या डब्याकडे पाहू नका. बोला. त्या दुपारी मला सगळं दिसत होतं आणि माझ्याकडे दोन तोंडं होती. ज्याच्याकडे एक होतं, तो गप्प बसला.