लगनाविना वडे

चांद्याला मोठ्या वेशी चार आणि चांद्याबद्दल मतं चारशे. त्यातली निम्मी तरी जटपुरा वेशीच्या आत, कडुलिंबाखालच्या दगडी ओट्यावर, रोज उन्हं कलली की ऐकायला मिळत.

ओट्याच्या अगदी समोर भागीरथेची खानावळ होती. खानावळ म्हणजे एक खोली, पुढं पडवी, दोन चुली आणि शेणानं सारवलेली जमीन. तेवढी लख्ख जमीन अख्ख्या परकोटात दुसरी नव्हती. लख्ख राहायला कारणही तसंच होतं. तिच्यावर बसायला कुणी येतच नव्हतं.

भागीरथा चुलीशी बसून ओट्यावरचं बोलणं ऐके. तिथं दोन पक्ष होते. एका पक्षाचे पुढारी सोमाजी मास्तर. त्यांनी वीस वर्षं नागपुरात शाळा शिकवली होती आणि आता वेशीबाहेर घर बांधून ते चांद्याला नावं ठेवत बसले होते. दुसरा पक्ष मुखरूभाऊंचा. ते वेशीच्या आतले, पिढ्यान् पिढ्या कोटातले, तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकानदार. भागीरथेची खोलीही त्यांचीच.

"राज्य बदललं," मास्तर म्हणत. "मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो आपन. चार महिने झाले. पन गावातली हॉटेलं पाहा! चहा मांगावा तं कपात पहिले माशी येते, मागून चहा."

"माशी येते म्हंजे चहा गोड आहे न मास्तर! तुमच्या नागपूरच्या चहाले माशी तरी विचारते का?"

"अन् खानावळीतलं वरन? उन्हाळ्यात इरई नदीचं पानी इतकं निर्मळ नसते. डाळ पाहाची असन तं जाळं टाका."

"तुमाले डाळ दिसत नाई, कारन डोळे नागपुरात ठेवून आले तुमी."

"मुखरू, लिहून घे. हे गाव बुडालं!"

"बुडालं तं मंग तुमी कशावर उभे आहात गा?"

असा वाद रंगे. गळे सुकत. मग दोन्ही पक्ष एकजुटीनं रस्ता ओलांडून येत, भागीरथेच्या माठातलं गार पाणी पीत, "बाई, पानी मात्र झ्याक!" म्हणत आणि आपापल्या घरी जेवायला जात. गावात खायला काही मिळत नाही हे ज्यांना पुरतं ठाऊक होतं, त्यांच्यापैकी एकानंही सहा महिन्यांत गावात घासभर काही खाल्लं नव्हतं.

भागीरथा मनात हसे आणि मग तिचं हसू चुलीतल्या राखेसारखं हळूहळू निवत जाई. कारण माघ सरत आला होता.

नवरा गेल्यावर तीन वर्षं ती सावली गावात दिराच्या घरी होती. दीर इसरू मनाचा चांगला. जेवायला होतं, नेसायला होतं, बोल लावणारं कुणी नव्हतं. फक्त सकाळी उठून आपल्या मनानं चूल पेटवावी, एवढं तिथं नव्हतं. म्हणून सहा महिन्यांपूर्वी ती चांद्याला आली. निघताना इसरूनं बजावलं होतं, "वहिनी, माघातल्या शेवटच्या बुधवारी मी बाजारात तांदूळ घेऊन येईन. खानावळ चालली तं राह्यजा सुखानं. नाई चालली तं त्याच गाडीत बसून घरी चला. रिकाम्या पडवीत माझी वहिनी वाट पाहात बसली, हे मले पाहावनार नाई."

आणि उद्या बुधवार होता.

मंगळवारी संध्याकाळी ती रिकाम्या पडवीकडे पाहत बसली. पोळी, वरण, भात, वांग्याची भाजी. हे तर घरोघरी शिजतं. त्यासाठी कोण कशाला येईल? तिचा खरा हात होता लाखोरीच्या वड्यांचा. सावलीच्या आजूबाजूच्या गावांत लग्नाची तिथी काढताना आधी पंचांग बघत आणि मग विचारत, "त्या दिवशी भागीरथा मोकळी आहे न?" तिनं मनाशी म्हटलं, जायचं तर आहेच, पण जाण्याआधी या चारशे मतांच्या गावाला माझा हात एकदा कळू दे.

तिनं लाखोरीची डाळ भिजत घातली.

बुधवारी सकाळी पाट्यावर डाळ वाटली. लसूण, हिरव्या मिरच्या घातल्या, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बारीक चिरून मिसळली. जवसाच्या तेलाची कढई पडवीतल्या चुलीवर चढवली. तेवढ्यात जुनोन्याच्या जंगलातून सुकरी आली. सुकरी दर बाजाराला पळसाच्या पत्रावळी विकायला यायची आणि ऊन चढेपर्यंत भागीरथेच्या पडवीत टेकायची.

"सगळ्याच पत्रावळी ठेवू म्हनते?" सुकरीनं विचारलं. "कोन येते बाई?"

"कोनी नाई आलं तं आपन दोघी खाऊ."

सुकरीनं वाटलेल्या डाळीत डोकावून पाहिलं. "वडे? आमच्या गावात वडे तळले तं ढोल येते मागं."

भागीरथेनं ते हसण्यावारी नेलं. पहिला वडा तेलात सोडला. तो बुडाला, तरंगला, सोनेरी झाला, आणि त्याचा वास उठला.

आता हा वास कसा असतो ते चांद्याकडच्या झाडीपट्टीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. जवसाचं तेल आणि लाखोरी, लसूण आणि सांबार. तो वास आला की म्हाताऱ्यांना स्वतःच्या हळदी आठवतात आणि पोरांना मांडव दिसू लागतो. घरी सणावारी बायका गव्हाच्या पुऱ्या करतील, पातोड्या करतील. पण कढईभर लाखोरीचे वडे आणि सोबत भात म्हटलं की लग्न. भागीरथेनं आजवर हजारो वडे तळले होते, पण तळले ते सगळे मांडवाच्या मागच्या चुलीवर. मांडवाशिवाय हा वास गावात सोडला तर काय होईल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

वास कडुलिंबाखालून गेला, वेशीतून बाहेर पडला, परत फिरला, बोळाबोळातून हिंडला. तासाभरात अर्ध्या चांद्याला कळलं की जटपुऱ्यात लग्न आहे.

पहिले आले मुखरूभाऊ. तोंड फुगलेलं. "बाई, खोली माझी. माझ्या खोलीत लगन, अन् मलेच अक्षत नाई?"

"लगन? कोनाचं लगन भाऊ?"

"तेच विचारून राह्यलो मी!"

तिनं उत्तर द्यायच्या आत त्यांच्या मागून त्यांची आई, रुखमाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून आली. सत्तरीची, कपाळ कोरं पण नजर धारदार. कोटातल्या लग्नांत तिचा शब्द शेवटचा. "जाऊ दे गा मुखरू. गरिबाचं लगन असन, घाईत राह्यलं असन बोलवाचं. मान कायले मांगतेस?" असं म्हणत तिनं पदराखालून खण आणि तांदूळ भरलेला द्रोण काढून पाटावर ठेवला. मग रीघ लागली. कुणी टोपी झटकून घातलेली, कुणी पेटीतला कोट चढवलेला. वेशीबाहेरून सोमाजी मास्तर धुवट धोतरात आले, हातात आहेराचा लोटा. बाजारात डफडं वाजवणारा एक जण, बोलावणं नसताना, "लगनाचा नेग मागून पाहू" म्हणत येऊन वाजवायलाच लागला. सुकरीनं भागीरथेकडे असं पाहिलं की, सांगितलं नव्हतं का!

पडवीत पहिल्यांदाच पंगत बसली. सहा महिने जी जमीन माणसांची वाट पाहत होती, तिच्यावर मांडीला मांडी लागली. भागीरथेच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खोट्यावर बसलेली पंगत तिला वाढवेना. तिनं पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, "माफी द्या माय-बाप हो. लगन कोनाचंच नाई. खानावळ आहे, तिथं वडे केले मी. खाऊन पाहा, इतकीच विनंती आहे."

डफडं थांबलं. सगळ्यांच्या नजरा रुखमाबाईकडे वळल्या.

"लगन नाई?" रुखमाबाई म्हणाली. "मंग वडे कोनाच्या नावाचे खाचे बाई? लगनाविना वडा आपल्यात नाई खात. उठा गा." आणि गुडघ्यावर हात ठेवून ती उठू लागली. तिच्याबरोबर कोटातली रांगच्या रांग उठू लागली. मास्तर मात्र बसल्या जागेवरून म्हणाले, "पाहा! म्हनूनच चांदा मागं राह्यलं."

"हे चांद्याचं नाई, रीतीचं आहे!" मुखरूभाऊ अर्धवट उठलेले, तसेच ओरडले.

टोपलीभर वडे निवत होते. भागीरथेनं एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा समोर भांडणाऱ्या दोघांकडे. आणि तिच्या ध्यानात आलं: एका बाजूला वेशीबाहेरचे, एका बाजूला वेशीआतले, मध्ये पत्रावळी. हे तर ती जन्मभर चुलीमागून बघत आली होती. हे वरपक्ष-वधूपक्षच होते. फक्त एकमेकांना टोचणारं विहिणींचं गाणं सुरू व्हायचं राहिलं होतं.

तिनं झारा हातात धरला आणि सूर लावला.

*जटपुऱ्याच्या वेशीतून वऱ्हाड आलं बाई,*
*तोंडात याच्या नागपूर अन् पोटात काही नाई!*
*वरनाले नावं ठेवे, चहाले नाक मुरडे,*
*घरी जाऊन मुकाट गिळे शिळे भाकरतुकडे!*

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कोटातली माणसं खदखदून हसली. मास्तरांचे कान लाल झाले. "हे माझ्यावर आहे का?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, आणि शेजारी म्हणाला, "नाई जी, गावात दुसरे कोनी असतीन नागपूरवाले!" त्याबरोबर हसू दुप्पट झालं.

मास्तरांच्या रांगेत गायला बाई नव्हती. पण सुकरी होती. पळसाची काडी दातांत धरून ती सगळं पाहत होती. तिनं काडी थुंकली, वेशीबाहेरच्या रांगेच्या टोकाशी जाऊन बसली, आणि आपल्या जंगलातल्या ठेक्यावर उलटा सूर दिला.

*वेशी याच्या चार चार, व्याही फुगून चाले,*
*पाव्हना आला दारी तं रस्ता दाखवू लागले!*
*पंगतीवरून उठून जाते कोटवाल्याची आई,*
*सत्तर वर्सं झाली तरी रीत येत नाई!*

डफड्यावर थाप पडली. मास्तरांनी चक्क टाळी वाजवली. पंगत श्वास रोखून रुखमाबाईकडे पाहू लागली. अर्धी उठलेली रुखमाबाई तशीच वाकलेली थबकली होती. लगनाविना वडा खायचा नाही ही एक रीत. पण विहिणीचं गाणं अंगावर आलं आणि उत्तर न देता पंगत सोडली, तर सात पिढ्यांना नाक राहत नाही, ही तिच्याहून थोरली रीत.

"मले रीत शिकवते?" रुखमाबाई गरजली. "बस गा मुखरू! कोनी उठाचं नाई!" आणि धपकन बसून, मांडीवर ताल धरून, सत्तर वर्षांचा सगळा साठा तिनं उघडला. मास्तरांचं धोतर, मास्तरांची छत्री, नागपूरचे रस्ते, वेशीबाहेरची धूळ. काही म्हणता काही सोडलं नाही. सुकरी प्रत्येक कडव्याला जागेवर उत्तर देत होती. आणि गाणं सुरू झाल्यावर हात काही रिकामे राहत नाहीत. भागीरथेनं भात वाढला, वर वडे कुस्करले, वर जवसाच्या तेलाची लसूण घातलेली फोडणी चर्रकन सोडली, बाजूला कढीचा द्रोण ठेवला. पहिला घास मुखरूभाऊंनी गाण्याच्या नादात तोंडात टाकला आणि त्यांचं तोंड चालेनासं झालं.

"काऊन गा? लागलं का काही?" आईनं गाणं तोडून विचारलं.

"आई," मुखरूभाऊ डोळे मिटून म्हणाले, "तू गात राह्य. मले खाऊ दे."

याच वेळी वेशीतून इसरूची बैलगाडी आत आली. तांदूळ बाजारात उतरवून, वहिनीचं सामान भरायचं म्हणून गाडीत पेंढा पसरून तो आला होता. समोर डफडं, गाणी आणि ही गर्दी पाहून त्याच्या हातातले कासरे सैल पडले.

"कोनाचं लगन आहे जी?" त्यानं गाडीवरूनच विचारलं.

"चांद्याचं!" मास्तर भरल्या तोंडानं म्हणाले. "आमी वेशीबाहेरचे वरपक्ष. उतरा खाली, आमचे गडी कमी पडून राह्यले."

इसरू मास्तरांच्या रांगेत बसला आणि बसताक्षणी रुखमाबाईनं त्याच्या मिशीवर एक कडवं टाकलं. तो बिचारा लाजून घामाघूम झाला, पण तीनदा भात मागून घेतला.

पंगत उठली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. हात धुवून इसरू भागीरथेपाशी आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, सामान..."

"कशाचं सामान?" रुखमाबाईनं मागून हटकलं. "नवरदेवाकडचे झाले आज मास्तर. पुढच्या बुधवारी आमी वरपक्ष. आमचं लगन लागल्याबिगर हे बाई कुठी जात नाई."

"मुळीच नाई!" मास्तर उसळले. "वरपक्ष आमचाच. नागपूरले पाहिलं मी, वरपक्ष बदलत नसते."

"नागपुरात नसन बदलत! हे चांदा आहे!"

आणि हात न पुसताच दोघं ओट्याकडे निघाले. त्यांच्यामागं दोन्ही पक्ष गेले. पाणी प्यायला माठाकडे कुणी फिरकलं नाही. पोटं भरलेली होती. पाटावर मात्र खण, लोटे, तांदळाचे द्रोण असा आहेर पडला होता आणि तो परत न्यायचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

इसरूनं त्या आहेराकडे पाहिलं, वहिनीच्या पिठानं माखलेल्या कोपरांकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नवरा होता तेव्हा ती अशी दिसायची. तो गाडीपाशी गेला. बैलांच्या तोंडापुढं थोडा पेंढा टाकत उभा राहिला.

"भाऊजी," भागीरथा म्हणाली, "आपल्या धानाच्या बांधीतली लाखोरी निघाली का?"

"निघून राह्यली न. आठ दिवसांत खळं होते."

"मंग पुढच्या बुधवारी येजा. पोतं भरून आनजा. अन्..." ती हसली, ओट्यावरून येणाऱ्या आवाजाकडे एक कान देऊन. "अन् येताना तुमच्या बायकोले घेऊन येजा घरून. तिचा गळा चांगला आहे. एकट्या सुकरीच्यानं ती म्हातारी आवरत नाई."