रिकाम्या ग्राइंडरचा सूर

कॉफीच्या दुकानात गाणाऱ्या बाईला लोक काय समजतात, ते आधीच सांगून टाकते. कुंडीतलं झाड समजतात. कोपऱ्यात आहे, बरं दिसतं, पाणी कोणीतरी घालत असेल. एक मालक तर तोंडावर म्हणाला, "तुमच्यामुळे छान वातावरण होतं." मी म्हटलं, "वातावरण पंख्यानेही होतं." त्याने मला परत बोलावलं नाही. नाही तर नाही.

तीन वर्षं हेच करते आहे. एक गिटार, एक स्पीकर, एक माइक, दर दुसऱ्या गाण्याला मान टाकणारा एक स्टँड, आणि मी. त्याआधी विमा कार्यालयात सोळा वर्षं फायली लावल्या. तिथेही कोणी ऐकत नव्हतं, पण तिथे मी गात नव्हते, एवढाच फरक.

घरच्यांचं म्हणणं, बाईला वेड लागलंय. घरचे म्हणजे मुख्यतः दादा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, फरशांचं दुकान, मिशी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तयार मत. मला लहानपणापासून 'टिटवी' म्हणतो. बेचाळिसाव्या वर्षीही टिटवीच.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडे जेवताना आमची जुंपली. तो म्हणाला, "कोण ऐकतं गं तुझं?" मी म्हटलं, "ऐकतात." तो म्हणाला, "मग दाखव." तोंडात घास असताना माणसाने बोलू नये, पण मी बोलले. म्हटलं, "या वेळच्या दौऱ्यात अकरा दुकानं आहेत. एका दुकानात, सुरुवातीच्या एका गाण्याला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खी खोली गप्प बसली तर तू जन्मात यावर तोंड उघडायचं नाही."

"आणि नाही बसली तर?"

"तर तुझ्या दुकानात येऊन बसते. फरशा दाखवते गिऱ्हाइकांना."

वहिनी म्हणाली, "नीट विचार करा ताई." मी कसला विचार करते. हात पुढे केला, दादाने दाबला. आमटीचा हात होता, तरी दाबला.

मग सुरू झाला तो दौरा. पहिल्या दुकानात वाढदिवस होता. दुसऱ्यात दोघांचं लग्न मोडत होतं, माझ्यापासून चार फुटांवर, आणि खरं सांगायचं तर मीच गाता गाता त्यांचं ऐकत होते. पाचव्यात एका माणसाने फोनवर ओरडून सांगितलं, "हो, इथे कोणीतरी किरकिर करतंय, बाहेर येऊन बोलतो," आणि बाहेर गेलाच नाही. सहाव्या दुकानात मात्र अशी शांतता, की काय सांगू. पूर्ण गाणं. कप वाजला नाही. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "किती माणसं होती?" मी म्हटलं, "मालक आणि मी." तो म्हणाला, "मालक काय करत होता?" मी म्हटलं, "झोपला होता." हे धरायचं नाही असं ठरलं.

दहा दुकानं अशी गेली. राहिलं अकरावं. आणि अकराव्याला दादा स्वतः आला. म्हणाला, "तुझ्या सांगण्यावर विश्वास नाही असं नाही. पण डोळ्यांनी बघतो."

आता या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉफीच्या दुकानात गाणाऱ्याचा शत्रू गिऱ्हाईक नसतो, ग्राइंडर असतो. बिया दळायचं ते यंत्र. तुम्ही सगळ्यात हळव्या ओळीवर यावं आणि त्याच क्षणी त्याने घर्रर्र करावं. पहिलं वर्ष मी त्याच्यावर चिडण्यात घालवलं. मग एके दिवशी लक्षात आलं, की तो गातो. प्रत्येक ग्राइंडरला त्याचा एक सूर असतो. कोणी पेटीवरच्या पांढरी दोनमध्ये घरघरतो, कोणी काळी तीनमध्ये. मग मी काय केलं, कार्यक्रमाच्या आधी जाऊन त्याचा सूर घ्यायचा आणि गिटार त्याच्याशी जुळवायची. तो मध्येच सुरू झाला तरी गाण्यात बसतो. तंबोऱ्यासारखा. माझ्याकडे वही आहे. 'दुकान चौथं : पांढरी दोन, तापल्यावर उतरतो.' 'दुकान आठवं : दोन ग्राइंडर, एकमेकांशी भांडतात, पुन्हा जाऊ नये.'

यात एकच नियम. ग्राइंडरचा सूर बिया घालून घ्यायचा. रिकामा ग्राइंडर हलका फिरतो, त्याचा सूर चढतो. बिया पडल्या की तो उतरतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

अकराव्या दुकानात तीन वाजता पोचले. लांबट खोली, दहा टेबलं, रस्त्याकडे मोठी काच, काउंटरमागे यंत्रावर एक काका. साठीचे, उंच, बोलणं मोजकं. मालकही तेच. दादा माझ्या मागे मागे.

"इथे बसणार लोक? या खुर्च्यांवर तर दहा मिनिटांत कंबर जाईल."

"दादा, जरा गप्प बैस, सूर घेते."

"घे की. मी कुठे अडवलंय? माझ्या दुकानात बघ, फिरत्या खुर्च्या आहेत. तुझ्यासाठी खिडकीजवळची ठेवलीय. तुझं नाव पण टाकून घेतो काचेवर."

"काका, जरा ग्राइंडर चालवता?"

"काय दळू?"

"काही नको, नुसता चालवा," मी म्हटलं. कारण माझं अर्धं लक्ष त्या काचेवरच्या नावात होतं. 'टिटवी फरशी विभाग' असं काहीतरी डोळ्यासमोर आलं होतं.

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. यंत्र नुसतं चालवलं. काळी चार. स्वच्छ, गोड काळी चार. मी सहाही तारा तिला जुळवल्या आणि वहीत लिहून ठेवलं. मूर्ख बाई.

चार वाजता खोली भरली. मी सुरुवात माझ्या सगळ्यात चांगल्या गाण्याने केली. चपलांचं गाणं आहे. बाई दारात उभी आहे, जावं की न जावं, आणि तिच्या दोन चपला भांडतायत. उजवी म्हणते थांब जरा, डावी म्हणते चल. एवढंच आहे, पण मला आवडतं.

पहिल्या कडव्यातच चमत्कार व्हायला लागला. लॅपटॉपवाल्या बाईने लॅपटॉप मिटला. खिडकीतल्या दोन म्हाताऱ्यांनी बुद्धिबळातला हात वरच थांबवला. एक मुलगी चमचा ढवळत होती, तिच्या आईने तिचा हात धरला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दादाकडे बघितलं. तो ताठ बसला होता, परीक्षेत मुलाचा पेपर सोपा गेला की बाप घाबरतो तसा. दुसरं कडवं. शांतता. आता फक्त एक कडवं आणि धृपद. ग्राइंडर लागला तरी काय, तो तर माझाच आहे, काळी चारचा.

ग्राइंडर लागला. काकांनी कोणासाठी तरी अर्धा किलोची पिशवी दळायला टाकली होती.

पांढरी पाच.

ज्यांना सूर कळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काळी चार आणि पांढरी पाच म्हणजे एकाच दारातून एकाच वेळी आत शिरणारी दोन जाडी माणसं. असा काही भेसूर आवाज झाला, की त्या मुलीने कानावर हात ठेवले. एका म्हाताऱ्याच्या हातून उंट पडला. लॅपटॉपवाली बाई खो खो हसली, आणि ती हसली म्हणून सगळे हसले. गेली शांतता. गेली म्हणजे अकराच्या अकरा दुकानांतून गेली.

मी थांबले. दादा समोरून हातानेच म्हणाला, संपलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे. वाईट वाटत होतं त्याला. त्यानेच माझं डोकं फिरलं. कीव करतोस? माझी?

काकांनी ग्राइंडर बंद करायला हात पुढे केला.

"काका, बंद करू नका," मी माइकमधूनच म्हटलं. "दळत राहा. चूक माझी आहे, तुमच्या यंत्राची नाही. मी त्याचा सूर रिकाम्या पोटी घेतला."

"मी तेव्हाच म्हणणार होतो," काका म्हणाले.

"मग म्हणाला का नाहीत?"

"तुम्ही कलाकार."

लोक पुन्हा हसले. मी हसले नाही, मी तारा उतरवत होते. तार उतरवायची, ग्राइंडरचं ऐकायचं, पुन्हा उतरवायची. खिडकीतला म्हातारा म्हणाला, "अजून थोडी खाली." दुसरा म्हणाला, "तुला काय कळतं?" पहिला म्हणाला, "चाळीस वर्षं मोटारींची इंजिनं ऐकलीत, मला कळतं." आणि त्याला कळत होतं, बरोबर सांगत होता. चौथ्या तारेला लॅपटॉपवाली बाई म्हणाली, "आता बसली." पाचव्या तारेला निम्मी खोली मान हलवून सांगत होती, खाली, खाली, वर, थोडी वर, बस्स. सहावी जुळली तेव्हा पिशवी दळून संपली, ग्राइंडर थांबला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तारा जुळवल्याबद्दल. आयुष्यात मला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

"काका, अजून काय आहे दळायला?"

"बिया भरपूर आहेत," काका म्हणाले आणि अजून एक पिशवी फोडली.

मी गाणं पहिल्यापासून घेतलं. या खेपेला काका बरोबर धृपदावर यंत्र सुरू करत होते आणि कडव्याला बंद. कोणी शिकवलं त्यांना? कोणी नाही. डावी म्हणते, आणि घर्रर्र, चल! दुसऱ्या धृपदाला म्हातारे 'चल' म्हणायला लागले. त्या लहान मुलीला आईने चमचा परत दिला, आता वाजव म्हणाली. दुधात वाफ सोडायची नळी काकांनी अशी काही सोडली, की खोलीभर शिट्टी झाली. आणि मग खालून आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. बघते तर दादा. फरशीवाली माणसं पोकळ बसलेली फरशी ठोकून ओळखतात, आणि माझ्या भावाला त्याच्या टेबलाखाली तसली एक सापडली होती. टाचेने वाजवत होता. मिशी थरथरत होती. ताल चुकत होता, पण अगदी मनापासून चुकत होता.

रस्त्यावरची माणसं काचेला नाक लावून बघायला लागली. मला हसू आवरेना, एक अख्खी ओळ मी हसण्यात घालवली, ती लॅपटॉपवालीने म्हणून टाकली. तिला ती पाठ कधी झाली? शेवटी 'चल, चल, चल' असं चाललंय, चाललंय, कोणी थांबायलाच तयार नाही. मी तारांवर हात ठेवून थांबवलं तरी पुढे दोनदा झालंच.

मग जो गलका झाला त्यातून दादा वाट काढत आला. घामाघूम. माझ्याजवळ वाकला.

"टिटवे, गप्प नाही बसले गं."

"नाही बसले."

"म्हणजे तू हरलीस."

"हरले की. मी कुठे नाही म्हणते?"

"मग सोमवारी..."

"सोमवारी मी बाराव्या दुकानाला फोन लावणार आहे."

"अगं पण शब्द दिला होतास. हात मिळवलेला. आमटीचा."

"दादा, मी मूर्खासारखी शांतता मागितली. मला काय माहीत मला हे हवं होतं? तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? मी फरशा विकतो." त्याचा आवाज चढला. "पण शब्द म्हणजे शब्द. मी तिथे खुर्ची ठेवलीय, तू अशी..."

"शू," लॅपटॉपवाली म्हणाली.

"ओ काका, खाली बसा," खिडकीतला इंजिनवाला म्हातारा म्हणाला. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान माझा भाऊ 'काका' ऐकून जागच्या जागी गार पडला. "दुसरं गाणं आहे ना अजून?"

"शू," म्हणाली ती मुलगी, चमचा ओठांवर ठेवून.

दादा तिथेच, माझ्या स्पीकरशेजारी, जमिनीवर बसला. आणि खोली गप्प झाली. खरोखर गप्प. कप नाही, खुर्ची नाही, फोन नाही. काचेबाहेरची माणसंसुद्धा हलत नव्हती. तेवीस माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं, एक बोट वर केलं आणि हळूच म्हणाला, "हे धरतो. हे एक गाणं. गा."

मी गिटारवर हात ठेवला. तीन वर्षांत एवढ्या शांततेत मी कधी गायले नव्हते. माझीच तार मला परकी वाटायला लागली. घशातून नुसती हवा आली. एवढी माणसं गप्प बसली की कसलं भयंकर वाटतं, हे कोणी सांगत नाही. स्मशानात पण कोणीतरी खोकतं.

"काका," मी म्हटलं, "दळा की जरा."

दादाने कपाळावर हात मारला. काकांनी बिया ओतल्या.