मध, लिंबू आणि दोन झाकणं

गोविंदरावांनी पिशवीतून आधी मेथीच्या दोन जुड्या काढल्या, मग मुळे काढले, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली ओट्यावर अशी ठेवली, जणू ती भाजीवाल्यानेच चुकून पिशवीत घातली असावी.

"पौवाच आणलाय, वहिनी," ते हळूच म्हणाले. "मोठी आणली असती तर घरी जाब द्यावा लागला असता."

शशिकलाबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. खरं तर ऐकायला कोणी नव्हतं. बाहेर अंगणात, जानेवारीच्या दुपारच्या उन्हात, दिगंबरराव खाटेवर डोळे मिटून पडले होते. दाराकडे मान वळवायचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. पण ज्या घरात बत्तीस वर्षं दारूचा थेंब आला नाही, तिथे तो दार उघडं ठेवून कसा यावा?

इंद्रपुरीतलं हे दोन खोल्यांचं घर दिगंबररावांनी कारखान्यात नोकरीला असताना बांधलं होतं. ते टर्नर होते. लग्नानंतर दोन वर्षांनी कऱ्हाडहून भोपाळला आले आणि निवृत्त होईपर्यंत कारखान्याच्या त्याच एका शॉपमध्ये लेथसमोर उभे राहिले. शशिकलाबाई सरकारी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवायच्या. आता दिगंबररावांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. गेल्या महिन्यात इस्पितळाने त्यांना घरी पाठवलं. घोट उतरत नव्हता, चमच्याने जाईल तेवढंच पोटात जायचं. परवा बघायला आलेल्या डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या होत्या, "आंटीजी, अब परहेज़ किस बात का? जो इनका मन करे, थोड़ा-थोड़ा दीजिए."

आता पथ्य नको, या बोलण्याचा अर्थ चौथीतल्या पोरालाही कळला असता.

दिगंबररावांनी काही मागितलं नाही. मागण्याची त्यांना सवयच नव्हती. तेव्हा शशिकलाबाईंनीच काल अयोध्या नगरला गोविंदरावांना फोन केला. गोविंदराव म्हणजे दिगंबररावांच्या शेजारच्या मशीनवरचे, चाळीस वर्षांचे दोस्त. त्या रात्री तुम्ही यांना जे करून दिलं होतंत ते मला शिकवा, असं त्या म्हणाल्या. गोविंदरावांना रात्र आठवेना. शेवटी शशिकलाबाईंना सांगावं लागलं की रेवती गेली, त्याच्या आदल्या आठवड्यातली रात्र. मग गोविंदराव म्हणाले, उद्या दुपारी येतो.

रेवती शशिकलाबाईंची आणि दिगंबररावांची एकुलती एक लेक. ती लहान असताना दिगंबरराव शनिवारी शिफ्ट सुटल्यावर दोस्तांबरोबर प्यायचे. रोजचे नव्हते, भांडखोर तर मुळीच नव्हते. पण एका शनिवारी रेवतीला स्कूटरवर पुढे उभी करून घरी आणताना स्कूटर घसरली आणि पोरीच्या हनुवटीला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकलाबाईंनी नवऱ्याचा हात धरून लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, आता बोला. दिगंबरराव बोलले. आयुष्यात पुन्हा तोंडाला लावणार नाही, हिची शपथ. खाली रेवती जराही न हलता उभी होती. हलले तर पट्टी सुटेल, अशी तिला भीती.

पुढच्या थंडीत दिगंबररावांना जबरदस्त सर्दी-खोकला झाला. एका रात्री ड्यूटीवरून ते परस्पर गोविंदरावांच्या घरी गेले आणि तिथून घरी आले तेव्हा अंगाला दारूचा वास येत होता. माणूस तापाने फणफणलेला, म्हणून शशिकलाबाईंनी त्या रात्री विषय काढला नाही. रविवारी बोलू, असं ठरवलं. पण शुक्रवारी रेवतीला ताप भरला. मेंदूज्वर. मंगळवारी सकाळी ती गेली. आठ वर्षांची होती.

दिगंबरराव स्मशानातून परत आले तेव्हा शशिकलाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि एकच वाक्य बोलल्या. "तिच्या डोक्यावरची शपथ मोडलीत तुम्ही." ओल्या धोतरात दिगंबरराव तसेच उभे राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गप्प बसले म्हणजे कबूल आहे, असं शशिकलाबाईंनी धरलं.

ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही आणि परतही घेतलं नाही. शाळेत त्या मुलांना शिकवायच्या, ताप जंतूंमुळे येतो, डासांमुळे येतो, कुणाच्या नजरेने किंवा शापाने येत नाही. त्याचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता. आणि घरी येऊन नवऱ्याकडे न बघता त्याचं ताट वाढायच्या. जे डोक्याला ठाऊक होतं ते मन ऐकत नव्हतं. वर्षं गेली, राग झिजला, पण त्याच्या जागी काय ठेवायचं ते दोघांनाही कळलं नाही. दूध, वीजबिल, नातेवाइकांची लग्नं एवढंच बोलणं उरलं.

आता माणूस निघाला होता. त्याला असं अपराधी ठेवून जाऊ द्यायचं नाही, एवढं शशिकलाबाईंनी ठरवलं होतं. कऱ्हाडला लहानपणी मैत्रिणी एकमेकींना शपथ घालायच्या, आणि जिने घातली तिनेच "सुटली" म्हटलं की ती उतरायची. शपथ मोडून जे प्यायलात ते आता माझ्या हातचं घ्या, आणि सुटली, असं म्हणायचं होतं त्यांना. माफ करायचं होतं. उशीर होण्याआधी.

गोविंदराव स्टुलावर बसून सांगू लागले. पाणी कोमट करा, उकळू नका. शशिकलाबाईंनी अर्धी वाटी पाणी गॅसवर ठेवलं आणि बोट बुडवून पाहिलं. आता मध, एक चमचा. आणि ढवळत राहा, तळाशी एक रेघसुद्धा दिसता कामा नये.

"थंड पाण्यात टाकला तर मध खालीच बसून राहतो, वहिनी. मग सगळा गिलास कडू आणि शेवटचा घोट गोड. काय फायदा?"

मग गॅस बंद. लिंबू नेहमी गॅस बंद केल्यावर, नाहीतर कडवटपणा उतरतो. अर्धंच घ्या, आणि गाळणीतून, बी राहिली तर त्याच्या घशात अडकेल. शशिकलाबाई एकेक गोष्ट निमूटपणे करत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आलेली बाई आता फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी. लिंबू पिळताना मात्र त्यांचं लक्ष दाराकडे गेलं आणि अर्ध्याऐवजी जवळजवळ पूर्ण पिळलं गेलं.

बाटलीचं झाकण त्यांना फिरेना. गोविंदरावांनी ते कट्कन उघडून दिलं. वास आला. बत्तीस वर्षांपूर्वीचा, तोच.

"आता ही. झाकणाने मोजून दोन."

शशिकलाबाईंनी मध-लिंबू गिलासात ओतलं आणि वरून एक झाकण घातलं. दुसरं भरताना विचारलं, "त्या रात्रीही दोनच झाकणं होती?"

"टाकली दोनच," गोविंदराव म्हणाले. "पण त्याने घेतली कुठे?"

झाकण शशिकलाबाईंच्या हातात तसंच राहिलं.

गोविंदराव सांगत गेले. त्यांच्या लेखी ती साधी जुनी गोष्ट होती. दिगू खोकून बेजार झाला होता, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी गरम पाण्यात मध-लिंबू केलं आणि दोन झाकणं टाकली. ही दारू नाही, दवा आहे, असं म्हणून गिलास पुढे केला. तर दिगूने गिलासावर हात ठेवला. म्हणाला, मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय. गोविंदराव चिडले. म्हणाले, दवेला काय शपथ? पण तो काही केल्या ऐकेना. शेवटी तो गिलास गोविंदरावांनीच रिकामा केला, आणि दिगूला नुसतं मध-लिंबू दुसऱ्या गिलासात करून दिलं.

"मग त्यांच्या अंगाला वास कसा येत होता?"

"अहो, मी चोळली ना त्याच्या छातीला. आमच्या इंदूरला आजी चोळायची, सर्दी मोकळी होते म्हणून. त्याला म्हटलं, तोंडाला नको लावूस, छातीला तर लावू दे. स्वेटर वर करून चांगली रगडली. अर्धी तर बनियननेच प्यायली असेल."

गोविंदराव हसले. मग वहिनींचा चेहरा पाहून हसायचे थांबले. काय झालं ते त्यांना कळलं नाही.

शशिकलाबाईंना ते बनियन आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच ते धुतलं होतं. दोनदा साबण लावावा लागला होता, कारण वास कापडात मुरला होता. वास कापडाला होता. तोंडाला होता की नाही, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. वर्गात मुलांना त्या म्हणायच्या, नुसतं बघू नका रे, निरीक्षण करा.

त्यांनी दुसरं झाकण गिलासात ओतलं, चमचा घेतला आणि दार उघडून बाहेर आल्या. गोविंदराव मागोमाग आले ते दारातच थांबले.

खाटेजवळ लाकडी स्टूल होतं. त्यावर बसून त्यांनी हाक मारली, "अहो."

दिगंबररावांनी डोळे उघडले. नजर गिलासावर गेली, मग दारातल्या गोविंदरावांवर, आणि परत बायकोवर आली.

"तुम्ही त्या रात्री घेतली नव्हती," शशिकलाबाई म्हणाल्या. "गोविंदरावांनी सांगितलं आत्ता."

दिगंबररावांनी पुन्हा गोविंदरावांकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलंत?"

दिगंबररावांना एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं. आवाज कागदावर कागद घासल्यासारखा येत होता.

"तू विचारलं नव्हतंस. सांगितलं होतंस."

शशिकलाबाईंनी मान खाली घातली. खरं होतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, नंतर तरी बोलायचंत, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. दिगंबररावांनी डोळे मिटले, मग पुन्हा उघडले.

"चार दिवस तू अन्न सोडलं होतंस," ते म्हणाले. "माझ्यावर रागावलीस आणि उठलीस. रागाने का होईना, जेवत होतीस."

शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गादी झोडपत होतं. माफ करायला म्हणून त्या बाहेर आल्या होत्या. आता ते शब्द जिभेवर ठेवायचीही त्यांना लाज वाटली.

"चुकले मी," त्या म्हणाल्या.

दिगंबररावांनी चादरीवरची बोटं जराशी हलवली. त्याचा अर्थ राहू दे असा होता की हो असा, ते त्यांनाच ठाऊक. शशिकलाबाईंनी त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना थोडं उचललं. किती हलके झाले होते. चमचा भरून ओठांशी नेला. ओठ मिटले. बत्तीस वर्षांत मिटायची सवय झालेले ओठ. मान नाही म्हणून हलली.

"मी घातली होती, मीच म्हणते," शशिकलाबाई म्हणाल्या. "सुटली."

ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं.

चमचाभर पेय त्यांनी कितीतरी वेळ तोंडात धरलं. गळ्याची घाटी एकदा हलली, पुन्हा हलली. ठसका लागला तसे गोविंदराव दोन पावलं पुढे आले, पण तो एकच होता. हनुवटीवर ओघळलेलं शशिकलाबाईंनी पदराने टिपलं.

"लिंबू जास्त झालंय," दिगंबरराव म्हणाले.

"मी अर्धंच सांगितलं होतं हां," गोविंदराव दारातून म्हणाले, आणि घाईघाईने आत गेले. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

दुसरा चमचा दिगंबररावांना नको होता. त्यांनी डोळ्यांनीच गिलासाकडे खूण केली. तू घे. शशिकलाबाईंनी उभ्या आयुष्यात कधी ओठाला लावली नव्हती. त्यांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. दिगंबररावांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, ते हसत होते. शशिकलाबाईंनी दुसरा घोट घेतला. घशातून खाली जळत गेलं. त्या सावकाश, एकेक घोट करत, गिलास संपेपर्यंत पीत राहिल्या.

"रेवतीला लिंबू आवडायचं," दिगंबरराव म्हणाले.

बत्तीस वर्षांत ते नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं होतं.

"मीठ लावून," शशिकलाबाई म्हणाल्या. "दात आंबायचे तरी सोडायची नाही. आणि साल खिडकीतल्या कुंडीत लपवून ठेवायची. झाड उगवेल म्हणायची. मी किती सांगितलं, अगं बी पेर, साल नाही."

"मग?"

"मग काय. ऐकते कसली. मी वर्गातल्या पस्तीस पोरांना शिकवलं, पण घरातल्या एकीला काही शिकवता आलं नाही."

त्या सांगत राहिल्या. रेवती 'ळ' उलटा काढायची ते. गॅदरिंगमध्ये ससा झाली होती आणि स्टेजवर कान निसटला तेव्हा एका हाताने तो धरून तिने अख्खा नाच पुरा केला होता, ते. दिगंबररावांचे डोळे मिटले. श्वास एकसारखा चालू होता. ऐकत होते की झोपले होते, ते शशिकलाबाईंनी पाहिलं नाही. त्या सांगत राहिल्या.

ऊन भिंतीवरून कलून दिगंबररावांच्या चेहऱ्यावर आलं. शशिकलाबाई उठल्या, त्यांनी स्टूल वीतभर डावीकडे सरकवलं आणि पुन्हा बसल्या. त्यांच्या डोक्याची सावली नवऱ्याच्या डोळ्यांवर पडली. थोड्या वेळाने ऊन आणखी सरकलं. त्यांनी बोलणं न थांबवता स्टूल आणखी वीतभर सरकवलं.